मातीला पाजलेलं पाणी

औसा, ३ एप्रिल १९९५

रेवण,

आधी 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, ते खोडलं. दीड वर्षात माझ्या एकाही पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. माझे आशीर्वाद तुझ्यापर्यंत पोचतात की नांदेडच्या मोंढ्यात बसलिंगप्पाच्या दुकानात सुतळीच्या बंडलाखाली पडून राहतात, कोण जाणे. म्हणून सरळ कामाचं लिहिते. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. मला आपली विहीर हवी आहे, म्हणजे विहिरीतलं पाणी.

आता तू हे पत्र घडी करून ठेवायला निघाला असशील. ठेवू नकोस, पुढचं वाच.

हारेवाडीच्या नव्या गावापासून मोठ्या सडकेपर्यंतचा रस्ता माझ्याकडे आला आहे. जुन्या रस्त्याची नाल्यावरची मोरी भूकंपात बसली, नाल्याचा काठ खचला, ते तू पाहिलंच आहेस. नवं गाव माळावर वसवलं, घरं पक्की झाली, पण माळ आणि सडक यांच्यामध्ये सगळी काळी माती पसरली आहे. गेल्या वर्षी पाऊस रुसलाच होता, तरी जाता जाता दोन फटके मारून गेला, आणि तेवढ्यानं गाव आठवडाभर तुटलं. सरजाबाईच्या सुनेला कळा सुटल्या तेव्हा बैलगाडीतून नेत होते. नाल्याजवळ गाडी कण्यापर्यंत रुतली. ती तिथंच, रानात बाळंत झाली. पोर हाती लागलं नाही.

तुझी मल्लू आषाढात बाळंत व्हायची आहे. जावयानं तुला कळवलं असेलच. नसेल कळवलं तर मी कळवते.

काळ्या मातीचं तुला मी काय सांगणार, तू तिच्यात जन्म काढलास. पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. आज तिच्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत जातो. अशा जमिनीवर नुसता रस्ता टाकला तर तो तिच्याबरोबर वर-खाली होतो आणि दोन पावसाळ्यांत फाटतो. तिच्यावर मुरमाचा भराव घालावा लागतो, एकेक पातळ थर पसरून, त्याला पाणी पाजून, रोलरनं दाबून. पाणी नसेल तर मुरमाचे खडे एकमेकांत बसत नाहीत. आणि पाणी कुठं आहे? बोअर आटले. प्यायचा टँकर दिवसाआड येतो. आपल्या विहिरीत मात्र पाणी आहे. भूकंपानं तिचे झरे मोकळे झाले ते झालेच. तू काठावर लावलेल्या बोराट्यांचे काटे अजून तसेच आहेत. गावातलं कुणी तिकडं फिरकत नाही.

मल्लूची आई, कमल, तिथं आहे असं तू मानतोस, हे मला माहीत आहे. भूकंपाच्या पहाटे घराची मागची बाजू विहिरीत गेली आणि ती मागच्या खोलीत निजली होती. जवानांनी गावातले ढिगारे उपसले, पण विहिरीपर्यंत कुणाचा हात पोचला नाही.

कलेक्टरचा आदेश काढला तर तुझी सहीसुद्धा लागणार नाही. मला तसं करायचं नाही. सातबाऱ्यावर आपण दोघं आहोत, तरी त्या विहिरीवर हक्क तुझा आहे असं मी मानते. दोन ओळी लिही.

अक्का

औसा, १९ एप्रिल

रेवण,

उत्तर नाही. बरं. लहानपणीही असंच चालायचं, मी बोलायचे आणि तू भिंतीकडं तोंड करून बसायचास.

इथं कंत्राटदारानं शहाणपणा केला. मी लातूरला बैठकीला गेले होते, तेवढ्यात त्यानं बराच लांब मुरूम कोरडाच पसरून वरून रोलर फिरवला. मी परत आले तेव्हा त्यावरून वरात काढावी असा रस्ता दिसत होता. मी ठिकठिकाणी वीतभर खड्डे घेतले, निघालेली माती तोलली, खड्ड्यात मोजून वाळू ओतली. एवढ्या जागेत किती माती बसायला हवी होती आणि किती बसली आहे, ते त्यातून कळतं. निघाली वरून करपलेली, आत कच्ची भाकरी. असला भराव पहिल्या पावसात पाणी पितो आणि खाली बसतो. मी सगळा उकरायला लावला. कंत्राटदार माझ्याशी बोलत नाही. तुझ्या पंगतीला आणखी एक जण आला म्हणायचं.

मग साहेबांचा फोन आला. वरची माणसं पाहणीला येणार आहेत, पावसाआधी रस्ता झालेला दिसला पाहिजे, मॅडम, परीक्षणाचा अहवाल तेवढा पाठवून द्या. मी म्हटलं, परीक्षण नापास आहे, मी नापास लिहीन. ते म्हणाले, लिहिणारे दुसरे मिळतील. मी म्हटलं, मिळू द्या. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खालची माती दिसत नाही. मी बाहत्तरच्या दुष्काळात, डिप्लोमा हातात पडल्या पडल्या, खडी फोडणाऱ्या बायांबरोबर रस्त्यावर उभी राहिले ती आजपर्यंत. न झालेल्या परीक्षणावर सही केली नाही, आता या वयात करायची नाही. जिल्हा होऊन तेरा वर्षं होत आली, अजून नवा जिल्हा, नवा जिल्हा म्हणतात आणि घाई मात्र म्हाताऱ्यासारखी करतात.

मी चाकूरकडच्या एका तलावातून कामासाठी टँकर ठरवला. दुष्काळात तेरावा महिना असतो तो असा. टँकर माळाखाली आला आणि बायांनी अडवला. पुढं सरजाबाई, घागर घेऊन. ती आता पंचायतीची सदस्य आहे.

"बाई, आमाला प्यायला न्हाई आन तुमी मातीला पाजून राहिल्या," ती म्हणाली.

मी तिला रस्त्याचं सांगू लागले. तिनं हात वर केला.

"माजी सून त्याच चिखलात फसली हुती. रस्ता काय आसतो त्ये मला नका शिकवू. पर आज लेकरं तान्हेली हायत, त्येंचं काय करू?"

मी टँकर त्यांच्या घागरींत मोकळा करायला सांगितला. रोलर उभा आहे, ड्रायव्हर त्याच्या सावलीत झोपतो.

जाताना सरजाबाई म्हणाली, "तुमच्या भावाच्या हिरीत पानी हाय की. आमच्या मान्सांला त्या हिरीवर कदी चढू दिलं न्हाई. आता तर कुनालाच चढू देत न्हाई त्यो. सारके झालो म्हनायचं सगळे."

मी मान खाली घातली, रेवण. ते आपल्या आबांच्या वेळेपासूनचं आहे आणि आपण दोघांनी ते कधी मोडलं नाही.

आता तुझ्या रागाचं. भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडसमोर काठीवर रेलून तू मला म्हणालास, "अक्का, तू मातीचा रिपोर्ट दिलास आन गाव उठवलंस. माजी कमल मागं राहिली." मी रिपोर्ट दिला, कारण माती तशीच होती. जुनं गाव नाल्याच्या काठी, खोल काळ्या मातीवर होतं. तिथं पुन्हा घरं बांधणं म्हणजे पुन्हा तेच. आज विचारलंस तरी तोच रिपोर्ट देईन. माफी मागेन अशी वाट पाहत असशील तर पाहू नकोस. पण तू नवं घरही घेतलं नाहीस, मुलीला टाकून नांदेडला जाऊन दुसऱ्याच्या दुकानात पोती मोजत बसलास, याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

पाण्याचं लिही.

अक्का

नांदेड, ६ मे

रेवण,

बसस्थानकावर बाकड्यावर बसून लिहिते आहे. लातूरची गाडी उशिरानं आहे. बसलिंगप्पा पलीकडं थांबला आहे, हे पत्र त्याच्या हाती देऊन जाईन, म्हणजे पोस्टाला दोष द्यायला नको.

मी दुकानात आले तेव्हा तू मागच्या खोलीत होतास. बसलिंगप्पा म्हणाला, "अक्का, त्यो गावाला गेलाय." म्हणताना त्याची नजर दाराकडं गेली, आणि दारात तुझ्या चपला होत्या, डावी जास्त झिजलेली. भूकंपात उजवा पाय मोडल्यापासून तू डाव्या अंगावर भार देतोस, ते मी लातूरच्या दवाखान्यात पाहिलं आहे. बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही. इतका भला माणूस अडत्याच्या धंद्यात टिकला कसा, मला नवल वाटतं.

मी चहा घेतला, मोठ्यानं बोलले, तुला ऐकू जावं म्हणून. मल्लूच्या पायांवर सूज आहे, औशाच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, जरा काही वाटलं की थेट लातूरला हलवा, हेही मोठ्यानं सांगितलं. खोलीत भांडं पडल्याचा आवाज आला. तू बाहेर आला नाहीस.

बसलिंगप्पा मला सोडायला इथवर चालत आला. गुरुद्वाऱ्याच्या बाजूनं आलो, ऊन मी म्हणत होतं. वाटेत त्यानं सांगितलं.

"अक्का, त्येला पान्याचं दुक्क न्हाई हो. लई येळा इचारलं म्या. एकदा बोलला. म्हनला, हीर उपसली आन ती न्हाई निगाली तर? मग ती त्या सरनावर गेली म्हनायची."

मी रस्त्यातच थांबले.

दीड वर्ष मी तुला हट्टी समजत होते. हट्टी म्हणून शिव्या देत होते, मनात आणि पत्रांतही. तू भितोस, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आपल्यात माणसाला जाळत नाहीत. हातात इष्टलिंग देऊन, बसवून, मातीच्या हवाली करतात. आबांना तसं बसवलं, आईला तसं बसवलं. आणि त्या दिवसांत पाऊस लागला होता, मढी मोजता येत नव्हती, ओळखू न आलेल्यांना मोडक्या घरांच्या लाकडांवर एकत्र अग्नी दिला. दुसरा इलाज नव्हता. तू तेव्हा दवाखान्यात होतास. मी तिथं होते. बायांचे चेहरे पाहत मी त्या रांगेतून फिरले. चेहरे राहिले नव्हते, रेवण. कमल त्यांत होती की नव्हती, मला सांगता येत नाही. तू कधी विचारलं नाहीस आणि मी त्याचे आभार मानत होते.

तेव्हा तुझी भीती मला कळली. पण तू विहीर झाकून ठेवलीस म्हणून ती तिथं असणार आणि उघडली म्हणून नसणार, असं होत नाही. मी कठोर बोलते आहे, मला समजतं. विहिरीत ती असेल तर दोन वर्षं व्हायला आली, तिला कुणी नीट बसवलेलं नाही. आणि नसेल तर तू काट्यांत राखतो आहेस ते नुसतं पाणी आहे, आणि त्या पाण्यावर तुझ्या मुलीचा रस्ता अडला आहे.

गाडी लागली वाटतं. खिडकीत बसून मला रडायचं आहे, तेव्हा इथंच थांबते.

अक्का

औसा, २३ मे

रेवण,

वाट पाहिली, आणखी पाहता येत नव्हती. मृगाला पंधरवडा उरला आहे. गेल्या आठवड्यात मी तुला न विचारता विहिरीवर इंजिन बसवलं.

बोराट्या मी स्वतः काढल्या, मजुरांना हात लावू दिला नाही. हातभर ओरखडे आले. पाण्यावर बेल टाकला, विभूती टाकली, आणि मग काय म्हणायचं ते सुचेना म्हणून 'कमल, पाणी घेते गं' एवढंच म्हटलं. मागं बाया उभ्या होत्या. सरजाबाई पुढं आली, म्हणाली, "पैली घागर म्या काडते. मग लावा तुमचं इंजान." आणि चढली काठावर. साठीची बाई, जन्म त्या गावात गेला, त्या काठावर पहिल्यांदाच पाय पडला तिचा. तिनं घागर काढली आणि जाऊन मुरमावर ओतली. प्यायला नाही नेली. म्हणाली, "हे पानी पिनार न्हाई आमी, मेल्याचं हाय. पर रस्ता पिऊ दे."

तेव्हापासून काम धरलं आहे. मुरूम पसरतो, पाणी मारतो, मुरू देतो, मग रोलर. ओल बरोबर झाली की नाही हे बघायला मी मूठ दाबते. गोळा झाला पाहिजे आणि तळहात ओला व्हायला नको. मुकादम हसतो, म्हणतो, मॅडम दिवसभर लाडू वळून राहिल्या. हसू दे. खड्डे घेतले, तोलले, पास झाले. मी तसं लिहून साहेबांना पाठवलं. त्यांचा काही फोन नाही, म्हणजे खूश असावेत.

आता अडलं आहे ते सांगते. नाल्याच्या मोरीच्या दोन्ही बाजूंचा भराव राहिला आहे. तो सगळ्यात उंच, म्हणजे सगळ्यात जास्त थर, आणि सगळ्यात जास्त पाणी. सरजाबाईच्या सुनेची गाडी रुतली ती हीच जागा. तेवढा तुकडा कच्चा राहिला तर बाकीचा रस्ता केला काय आणि न केला काय. विहिरीतलं पाणी खाली गेलं आहे. आपल्या मागच्या खोलीचे दगड उघडे पडले आहेत. पाइप गाळात जातो, इंजिन हवा ओढतं. झरे दगडांखाली दबलेत. दगड काढले तर झरा सुटेल आणि मोरीचं काम होईल.

दगड काढले तर तळ दिसेल.

मी इंजिन बंद केलं आहे. इतके दिवस काठावर उभी राहिले, पण आता खाली बघायची वेळ आली की मी मागं सरते. मी कुणाला बोलले नाही, साहेबीण घाबरते हे मजुरांना कळून कसं चालेल? तुला सांगते. मला एकटीला तिथं उभं राहायचं नाही.

सोमवारी, २९ तारखेला, दगड वर ओढायला यारी लावते. तू ये. आला नाहीस तरी दगड काढीन, मल्लूसाठी काढीन, पण जे वर येईल ते मी पाहणार नाही. कापड टाकायला सांगेन आणि तोंड फिरवून उभी राहीन. पाहायचा हक्क तुझा.

मल्लू विचारते, आप्पा येणार का. मी सांगितलं, तुझा आप्पा माझा भाऊ आहे, नाही म्हणत म्हणत येईल.

अक्का

लातूर, २१ जून

रेवण,

नांदेडहून तुझं कार्ड आलं. दीड वर्षातलं पहिलं, आणि त्यावर एकच ओळ. 'अक्का, तुला कळलं होतं का?'

उत्तर देते. पण आधी तुला माहीत नाही तेवढं सांगू दे, कारण तू खाली होतास आणि मी वर होते.

तू औशाहून चालत आलास, माझ्याशी बोलला नाहीस, मल्लूच्या डोक्यावर हात ठेवलास आणि थेट यारीच्या पाटीत बसलास. मुकादम म्हणाला, या माणसाचा पाय अधू आहे, याला उतरवू नका. मी म्हटलं, उतरवा. तू खाली गेलास. दगड भरून पाटी वर यायची, रिकामी होऊन खाली जायची. हळूहळू सगळं गाव काठावर जमलं. सरजाबाईनं मल्लूला बाभळीखाली बसवलं, गरवार बाईनं असलं बघू नये म्हणून तिच्या तोंडावर आपला पदर धरला. मल्लू पदर बाजूला सारत होती आणि ती परत ओढत होती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा दगड यायचे थांबले. मग बराच वेळ पाटी हललीच नाही. मी दोनदा हाक मारली. मुकादमानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, थांबा. खाली माझा भाऊ रडत होता, ते मला वर ऐकू येत होतं. बाकीच्यांना इंजिनाच्या आवाजात आलं नसेल. मी इंजिन बंद करू दिलं नाही ते म्हणून.

मग दोर हलला. तू वर आलास, मांडीवर गाठोडं, तुझ्याच धोतराचं, चिखलानं भरलेलं. तू म्हणालास, "हाय. घावली." बाया रडायला लागल्या. पाटीतून गाठोडं उतरवायला तुझ्याबरोबर मी हात लावला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. हो, मला तेव्हाच कळलं.

तेवीस वर्षं मी मातीच्या पिशव्या उचलते आहे, रेवण. ओली चिकण माती, तिच्यात दोन-तीन दगड. दुसरं काही नव्हतं त्यात. तू तळ धुंडाळलास, ती तिथं नव्हती, आणि तू गाळ बांधून वर आलास.

मला राग आला का, असं विचारशील. आला नाही. तुझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मी गाठोडं नीट धरलं, माणसाला धरतात तसं, खालून हात देऊन.

पुढचं तुझ्यासमोरच झालं, पण तू मान वर केली नव्हतीस. खड्डा झाला, बसायची जागा कोरली. जंगम अय्यांनी तुला विचारलं, ओळख पटली का? तू गाठोड्याची गाठ आवळत राहिलास. त्यांनी पुन्हा विचारलं. लोक बघायला लागले. तेव्हा मी पुढं होऊन म्हणाले, "अय्या, पटली. माझी भावजय आहे. मी पाहिलं." अय्यांनी लिंग दिलं, आणि आपण ते गाठोडं बसवलं.

साहेबांपुढं न झालेल्या परीक्षणाला मी झालं म्हणाले नाही. नोकरी गेली तरी म्हणाले नसते. अय्यांपुढं मात्र माझी जीभ अडली नाही. मी यावर खूप विचार केला आणि मला त्याची लाज वाटत नाही. रस्त्याच्या मातीवरून माणसं जाणार होती, तिथं खोटं चालत नाही. या मातीवरून कुणी जाणार नव्हतं.

पण एक झालं, ते तुला सांगितलंच पाहिजे. मूठमाती द्यायची वेळ आली तेव्हा मल्लू बाभळीखालून उठून आली. सरजाबाई तिला आवरत होती. मल्लू मला म्हणाली, "आत्या, माती टाकायच्या आदी आईला हात लावू का? शेवटचं बघाया बी मिळालं न्हाई मला." सगळे नको म्हणत होते. मी म्हटलं, लाव. पोटामुळं तिला वाकता येईना, म्हणून मी तिला मागून धरलं. तिनं दोन्ही हात त्या गाठोड्यावर ठेवले, आणि दाबून बघितलं. तिचे हात माझ्या हातांत होते. एकदम शांत झाली पोरगी. रडायची थांबली.

दगड निघाल्यावर झरा सुटला होता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही मोरीचा भराव घेतला, मृग लागायच्या आत पुरा झाला, तोलून पास झाला. चौदा तारखेला पाऊस आला. दोन्ही बाजूंच्या रानात तळी साचली, रस्ता मध्ये कोरडा उभा. सरजाबाई सकाळी अनवाणी मोरीपर्यंत जाऊन आली, सूनही होती बरोबर. मला म्हणाली, "पाय भरला न्हाई, बाई." काल संध्याकाळी मल्लूची सूज वाढली. जावयानं जीप केली आणि तासाभरात तिला इथं आणली. दवाखान्यात आहे, बरी आहे. डॉक्टर म्हणतात, बाळंतपण होईपर्यंत इथंच राहू दे. मी तिच्या खाटेजवळ बसून लिहिते आहे.

काल जीपमधून येताना ती म्हणाली, "आता आई तिच्या जागी बसली, आता मला भ्याव न्हाई." मी खिडकीबाहेर बघत बसले.

आता ही गोष्ट जगात आपल्या दोघांनाच माहीत आहे. पोरीनं विचारलं, आई कशी दिसत होती, तर मला खोटं सांगावं लागेल, आणि ते आज ना उद्या ती विचारणार. तू नांदेडला बसून राहिलास तर प्रत्येक वेळी ते मला एकटीला सांगावं लागेल. राग असेल तर राग घेऊन ये, माझ्याशी बोलू नकोस, भिंतीकडं तोंड करून बस. पण इथं बस. मला हे एकटीला जमत नाही रे.

अक्का